अनिश्चित पट्ट्याची हद्द

सोव्हिएत काळातल्या फ्रुंझे शहरातल्या एका मेंदू-संशोधन संस्थेत मेंढीच्या मेंदूचा नकाशासंग्रह अकरा वर्षं तयार होत होता. अकरा वर्षांत तिथे पुष्कळ भांडणं झाली, पण त्यातलं एकही मेंदूवरून नव्हतं. दक्षिणेकडच्या उबदार खोल्या कुणी घ्यायच्या, टायपिस्ट बाई आधी कुणाचं टाइप करणार, इसिक-कुल तळ्याकाठच्या विश्रामगृहात ऑगस्टमध्ये कुणाची पाळी, असले विषय. मेंदूवरून भांडण व्हायला १९७८चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

सालकिन तिथे प्रेपरेटर होती. म्हणजे कत्तलखान्यातून मेंढ्यांची ताजी डोकी झाकणाच्या बादलीत घालून आणायची, कवटी फोडून मेंदू अखंड बाहेर काढायचा, तो औषधात मुरवायचा, यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते जांभळ्या रंगात बुडवून काचपट्टीवर बसवायचे. आणि शेवटी एकेक काप पडद्यावर मोठा करून त्यातल्या निरनिराळ्या भागांच्या हद्दी काळ्या शाईने कागदावर उतरवायच्या. सव्वीस वर्षं ती हेच करत होती. त्याआधी दोन वर्षं ती डॉक्टर होण्यासाठी शिकत होती, पण आई अंथरुणाला खिळली आणि ते तिथेच राहिलं. आता ती त्रेपन्न वर्षांची होती. संस्थेतली तरुण मंडळी तिला सालकिन एजे म्हणत, म्हणजे सालकिनताई. तिने दोनशे चौदा मेंदू कापले होते आणि त्यातले निम्मे तरी ती नुसत्या नजरेने ओळखत असे.

संस्थेत विभाग दोन. वरच्या मजल्यावर थॅलॅमसचा, खालच्या मजल्यावर हायपोथॅलॅमसचा. मेंदूतही हे दोघे असेच एकावर एक बसलेले असतात, पण इमारतीतली वाटणी काही मेंदूकडे बघून झाली नव्हती. थॅलॅमसचे प्रमुख इशेनबाय आगाय, आगाय म्हणजे गुरुजी, वयाने मोठे होते आणि त्यांना खिडकीतून डोंगर दिसायला हवे होते, एवढंच. हायपोथॅलॅमसचे प्रमुख अर्कादी ग्लेबोविच यांना गुडघ्यांमुळे जिना नको होता. सालकिनची खोली जिन्याच्या वळणावर होती. तिथे दोन्ही मजल्यांवरचा पाय वाजायचा.

मेंदूत या दोन भागांच्या मध्ये, खोलवर, एक चपटा पट्टा आहे. तिथल्या पेशी विखुरलेल्या, कुणी मोठी, कुणी बारीक, एकीचा दुसरीशी मेळ नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्या गृहस्थाने तो प्रथम पाहिला त्याला तो काय आहे ते कळलं नाही, म्हणून त्याने लॅटिनमध्ये त्याचं नावच ‘अनिश्चित पट्टा’ ठेवलं. शरीरशास्त्रात एवढा प्रामाणिकपणा पुढे फारसा कुणाकडून झाला नाही.

या पट्ट्याची दोन्ही मजल्यांना शिसारी होती. नकाशाचं पान आलं की इशेनबाय म्हणत, “हे खालच्यांचं.” अर्कादी ग्लेबोविच म्हणत, “हे वरच्यांचं.” सालकिन मग दोन्हीकडे रेघ काढून मधली जागा मोकळी सोडायची आणि दोघेही आनंदाने सही करायचे. कुठल्याही गावात दोन शेजाऱ्यांच्या मधल्या उकिरड्याचं जे होतं, तेच.

आणि ऑक्टोबरात बातमी आली. लेनिनग्राडच्या कुणीतरी दाखवून दिलं होतं की या पट्ट्यात बारीक तार घालून वीज सोडली, तर पोटभर पाणी प्यायलेली मेंढीसुद्धा पुन्हा बादलीत तोंड घालते. तहानेचं काहीतरी तिथे आहे. कोरड्या कुरणांवर लाखो मेंढ्या चारणाऱ्या देशाला तहानेत रस असणारच. सरकारकडून हुकूम निघाला: ज्या विभागाच्या हद्दीत हा पट्टा येत असेल त्याला जपानी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, तीन नव्या जागा, आणि प्रमुखाला वसंतात प्रागच्या परिषदेचं आमंत्रण.

दुसऱ्याच दिवशी सकाळी इशेनबाय आगाय जिना उतरून सालकिनच्या दारात उभे राहिले. हातात सुक्या जर्दाळूंची पुडी. सव्वीस वर्षांत त्यांनी तिच्यासाठी पहिल्यांदाच काही आणलं होतं.

“सालकिन, चहा आहे का तुझ्याकडे?”

“आहे, आगाय. बसा. त्या स्टुलावर नको, तिथे रंग सांडलाय.”

ते उभेच राहिले. पियाल्यातून दोन घोट घेतले, खिडकीबाहेरच्या पॉप्लरच्या झाडांकडे पाहिलं, आणि म्हणाले, “खालची हद्द आहे ना आपली, ती जरा खाली घे.”

“किती खाली?”

“पट्टा आपल्यात येईल एवढी.”

“आगाय, मार्चमध्ये तुम्ही सही केलीत. पट्टा आपला नाही असं समासात लिहिलंयत तुम्ही. दोन ठिकाणी.”

“मार्चमध्ये मी घाईत होतो.” त्यांनी पियाला ठेवला. “हे बघ, पट्ट्याच्या खाली तंतूंचा एक पदर आहे. पांढरा, जाड. ती खरी भिंत. पट्टा भिंतीच्या वर आहे. म्हणजे आपल्या घरात आहे. शिवाय गर्भात तो आपल्या बाजूने वाढत येतो. यात समजायला अवघड काय आहे?”

“पट्ट्याच्या वरही तंतूंचा पदर आहे.”

“तो पडदा आहे. भिंत नाही.”

जेवणाच्या सुट्टीआधी खालून निरोप आला. अर्कादी ग्लेबोविच शिष्टाचाराचे पक्के. त्यांनी तिला खुर्ची दिली, तिच्या नवऱ्याची, मुलीची, गुडघ्यांची चौकशी केली. तिचे गुडघे ठीक होते; गुडघे त्यांचे दुखत. मग टेबलावर एक काप ठेवला, तंतू काळे दिसावेत असा रंगवलेला.

“सालकिन बेक्तुरोव्हना, तुम्हीच बघा. पट्ट्याच्या वर हा काळा पदर किती ठळक आहे. निसर्गाने इथे भिंत घातली आहे. पट्टा भिंतीच्या खाली. आपली हद्द वर न्यायची राहून गेली होती, एवढंच.”

“आणि खालचा पदर?”

“कुठला खालचा?”

तिने बोट ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

“ती सुरकुती असावी,” ते म्हणाले. “रंगवताना पडली असेल. तुमचा हात कुशल आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हात तुमचा, दृष्टी आमची. नाही का?”

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सालकिनने चौसष्ट पानं दोनदा काढली. वरच्यांसाठी एक संच, खालच्यांसाठी एक. तिला त्यातला एकही खरा वाटत नव्हता. पडद्यावर काप मोठा केला की शाईच्या एका रेघेखाली पेशींच्या तीन ओळी झाकल्या जात. हद्द या पेशीत आहे की त्या, हे रेघेलाच ठाऊक नसे. काही मेंढ्यांत पट्टा स्वच्छ दिसायचा, काहींत वरच्या भागात असा विरघळून जायचा की कुठे संपला ते सांगता येऊ नये. हे तिने पूर्वी दोघांनाही सांगितलं होतं. दोघांनीही “मनोरंजक” म्हणून मान हलवली होती.

इमारतीतलं वातावरण बिघडलं. वरच्या मजल्याने पाणी तापवायची शेगडी खालच्यांना द्यायची बंद केली. भित्तिपत्रकात कुणीतरी अर्कादी ग्लेबोविचना मेंढीच्या शेपटीला लटकलेलं दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्या चित्राखालच्या, इशेनबायांच्या हस्ताक्षरातल्या ओळीत तीन शुद्धलेखनाच्या चुका लाल पेन्सिलीने वर्तुळात आल्या.

घरी नवरा कुबात, विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबसचा ड्रायव्हर, सकाळच्या चहाला म्हणाला, “काढून टाक की त्यांना हवी तशी. तुझं काय जातं?”

“दोघांना हवी तशी कशी काढू? एकच मेंदू आहे.”

“मग ज्याने जर्दाळू आणले त्याची काढ.”

“खालच्यांनी खुर्ची दिली.”

कुबात हसला आणि तळलेला बोर्सोक चहात बुडवत म्हणाला, “आमचं बरं आहे. दांडा तारेवरून सुटला की गाडी उभी राहते, अख्खा रस्ता बघतो. मला सांगता येत नाही की तार तिकडे होती. तुमच्या साहेबांची तार सुटते तेव्हा काय होतं?”

“पुस्तकाची पुरवणी निघते,” सालकिन म्हणाली.

तक्रारी मॉस्कोपर्यंत गेल्या आणि तिथून तीन जणांची समिती आली. अध्यक्ष एक लठ्ठ, सौम्य गृहस्थ. एक चिटणीस, जो प्रत्येक वाक्य लिहून घेई. आणि क्सेनिया अर्तुरोव्हना नावाची सत्तरीची बाई, काठी टेकत चालणारी, आयुष्यभर मेंदूंचे काप बघितलेली. अध्यक्षांनी पहिला दिवस दोन्ही प्रमुखांची भाषणं ऐकण्यात घालवला. क्सेनिया अर्तुरोव्हना मधेच उठली आणि जिन्याच्या वळणावर सालकिनच्या खोलीत येऊन त्या रंग सांडलेल्या स्टुलावरच बसली.

“इथे बरं आहे,” ती म्हणाली. “वर खूप बोलतात. हे काप तुमचे?”

“माझे.”

“छान आहेत. मी चाळीस वर्षांत असे फार पाहिले नाहीत.” तिने एक काचपट्टी उजेडात धरली. “उद्या दोघांना कामाला लावायचं म्हणते. तीस फोटो काढून द्या मला, याच भागाचे. नंबर नकोत. त्यातले चार फोटो दोनदा घाला, पण सांगू नका.”

सालकिनने फोटो तयार केले. चार दोनदा घातले. मग उठून कपाटातून आणखी एक काप काढला, बराच मागचा, जिथे तो पट्टा संपून गेलेला असतो. तो तिने तिसावा म्हणून घातला. सकाळी क्सेनिया अर्तुरोव्हनाच्या हातात गठ्ठा देताना ती म्हणाली, “यात एक मी माझ्या मनाने घातलाय. त्यात पट्टा नाहीच.”

म्हातारीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “राहू दे,” ती म्हणाली.

सभागृहात दोन कोपऱ्यांत दोन टेबलं मांडली. दोन प्रोफेसर, दोन लाल पेन्सिली. हद्द जिथे दिसते तिथे रेघ मारायची, बस. इशेनबाय आगाय पहिल्या दहा मिनिटांत निम्म्यावर पोचले. ते रेघ अशी मारत जशी काही कुणी सामान उचलून न्यायच्या आत दार लावून घ्यायचं आहे. अर्कादी ग्लेबोविच पट्टी लावून हळूहळू काढत आणि कोपराने कागद झाकत. दोघांच्या मध्ये अध्यक्ष सफरचंद सोलत बसले होते.

गठ्ठे जमा झाल्यावर क्सेनिया अर्तुरोव्हनाने तिसरा गठ्ठा सालकिनपुढे सरकवला; तो मॉस्कोहून आणलेल्या दुसऱ्या फोटोंचा होता, अशाच खोड्या तिने स्वतः घातलेला.

संचालक ओमुराली, जे इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते, पुढे आले. “त्या प्रेपरेटर आहेत,” ते हळूच म्हणाले. “पदवी नाही त्यांना.”

“मला त्यांची पदवी नकोय. त्यांनी कुठे बघितलं ते हवंय.”

सालकिन दीड तास बसली. सगळे आपल्याकडे बघताहेत हे तिला जाणवत होतं आणि मान तापली होती, पण पहिल्या चार-पाच फोटोंनंतर ती ते विसरली. काम नेहमीचंच होतं. फक्त शेजारी कुणी ‘खाली घे’ म्हणणारं नव्हतं.

दुपारी निकाल वाचला गेला. चिटणीसाच्या आवाजात चढउतार नसे, त्यामुळे तो आणखीच वाईट ऐकू आला. जे फोटो दोनदा घातले होते त्यांवर प्रोफेसर इशेनबाय यांच्या दोन रेघांत अख्ख्या पट्ट्याच्या जाडीएवढं अंतर होतं. प्रोफेसर अर्कादी ग्लेबोविच यांच्या दोन रेघांत त्याहून किंचित कमी, पण एका फोटोवर दुसऱ्या वेळी त्यांनी पट्टा चुकून वरच्यांना देऊन टाकला होता. ज्या फोटोत पट्टा नव्हता त्यात इशेनबायांना तो सापडला होता. अर्कादी ग्लेबोविचनाही सापडला होता, आणि त्यांनी समासात लिहिलं होतं, ‘येथे विशेष स्पष्ट.’

सालकिनने एकोणीस फोटोंवर रेघा काढल्या होत्या, आणि दोनदा घातलेल्यांवर त्या एकमेकींवर बसत होत्या. दहांवर तिने लिहिलं होतं, ‘इथे हद्द दिसत नाही.’ एकावर, ‘इथे पट्टाच नाही.’

अध्यक्ष म्हणाले की प्रश्न आपण समजत होतो त्याहून अधिक समृद्ध आहे, आणि जेवायची वेळ झाली आहे.

संचालकांच्या घरी मेजवानीचा दस्तरखान मांडला होता. रीतीप्रमाणे उकडलेलं मेंढीचं डोकं ताटात घालून मुख्य पाहुण्यापुढे ठेवलं गेलं. अध्यक्षांनी सुरी घेतली, कान कापून यजमानाच्या नातवाला दिला, डोळे कुणाला द्यायचे याचा विचार केला, आणि एक इशेनबायांना आणि एक अर्कादी ग्लेबोविचना दिला. दोघांनीही मुकाट्याने खाल्ला. सालकिन बायकांबरोबर दुसऱ्या खोलीत होती. आतून तिला क्सेनिया अर्तुरोव्हनाचा आवाज आला: “अहवालात मी लिहीन की हद्दी प्रेपरेटरबाईंच्या रेघांप्रमाणे छापाव्यात. जिथे दिसत नाहीत तिथे ठिपके.” सालकिनने हातातला चहा खाली ठेवला. तिचं तोंड आपोआप हसरं झालं होतं, आणि शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं म्हणून, तर ती म्हणाली, “काही नाही, चहा चांगला झालाय.”

समिती विमानात बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक पत्र संचालकांच्या टेबलावर आलं. एकोणीस वर्षांत प्रथमच एकाच पत्राखाली दोन्ही प्रमुखांच्या सह्या शेजारी शेजारी होत्या. पत्रात म्हटलं होतं की फोटो निकृष्ट होते, काही जाणूनबुजून फसवे होते, आणि तांत्रिक कर्मचाऱ्याने शास्त्रीय निर्णयांत ढवळाढवळ करणं हे संस्थेच्या शिस्तीला घातक आहे. टायपिस्ट बाईने सालकिनला सांगितलं की हे पत्र टाइप करताना दोघे तिच्या दोन बाजूंना उभे होते आणि एकमेकांना विशेषणं सुचवत होते. शेगडीही त्याच संध्याकाळी खालच्यांना परत मिळाली.

ओमुरालींनी सालकिनला बोलावलं. ते रागावलेले नव्हते. ते कधीच रागावत नसत, म्हणून ते संचालक होते.

“बस, सालकिन. तू मला अडचणीत टाकलंस.”

“मी जे दिसलं ते लिहिलं, आगाय.”

“दिसलं ते लिही की. पण तू दहा ठिकाणी ‘दिसत नाही’ असं लिहिलंस. आमच्या योजनेत ‘दिसत नाही’ असा रकाना नाही. वर काय पाठवू मी? दहा पानांवर आमच्या संस्थेला काही दिसत नाही?”

“मॉस्कोच्या बाईंनी मान्य केलं.”

“मॉस्कोच्या बाई मॉस्कोला गेल्या.” त्यांनी पत्र घडी करून खणात टाकलं. “तुझं काही होणार नाही. तुझ्यासारखे काप काढणारं दुसरं कुणी नाही, हे त्या दोघांनाही कळतं. ठिपके राहू देत. पण पट्टा आता ना वर, ना खाली. मी त्याचा तिसरा विभाग करतोय.”

“प्रमुख कोण?”

“तेमिरकुल,” ओमुराली म्हणाले आणि खिडकीकडे बघू लागले.

तेमिरकुल हा त्यांच्या बायकोचा भाऊ. चांगला, हसरा, चाळिशीचा माणूस. त्याचा प्रबंध घोड्याच्या आतड्यातल्या जंतांवर होता. जपानी यंत्र त्याच्या खोलीत आलं, तीन जागा भरल्या गेल्या, प्रागला तोच गेला आणि येताना सगळ्यांसाठी काचेचे छोटे प्राणी घेऊन आला. सालकिनला हरीण मिळालं.

नकाशासंग्रह छापायला जायच्या आठवड्यात तो तिच्या खोलीत आला. शेवटची पानं टेबलावर वाळत होती.

“एजे, मला जरा दाखवा ना, माझा विभाग कुठून कुठपर्यंत आहे?”

तिने त्याला मायक्रोस्कोपशी बसवलं. त्याने एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्याने.

“हे जांभळं सगळं?”

“त्यातलं मधलं. जिथे पेशी विखुरलेल्या आहेत.”

“इथे तर काहीच नाही.”

“हेच ते.”

तो थोडा हिरमुसला. टेबलाकडे आला, सदतिसाव्या पानावर वाकला. “फारच बारीक दिसतो हो हा. वरच्यांचं बघा केवढं, खालच्यांचं केवढं. एजे, जरा जाड नाही का करता येणार? जरासा. इथे खालच्या कडेला.”

सालकिन सकाळी सातपासून उभी होती. अकरा वर्षांचं काम, दोनदा काढलेली चौसष्ट पानं, आणि प्रस्तावनेचा मजकूर तिने आदल्याच दिवशी वाचला होता. त्यात ठिपक्यांच्या रेघांना ‘लेखकद्वयाने विकसित केलेली मूळ पद्धत’ म्हटलं होतं. लेखकद्वय म्हणजे इशेनबाय आणि अर्कादी ग्लेबोविच. तिचं नाव शेवटच्या पानावर होतं, बांधणी करणाऱ्याच्या खाली, आणि त्यातही वडिलांचं नाव चुकून बेक्तुरोव्हनाचं बेक्तेमिरोव्हना झालं होतं.

तिने दौतीत टाक बुडवला आणि तो तेमिरकुलच्या हातात दिला.

“काढा,” ती म्हणाली. “विभाग तुमचा आहे.”

टाक काठोकाठ भरलेला आहे हे तिला माहीत होतं. नंतर तिने स्वतःला पुष्कळदा सांगितलं की माहीत नव्हतं, पण सव्वीस वर्षं टाक धरणाऱ्या बाईला ते माहीत असतं.

तेमिरकुलने जीभ दातांत धरून टाक कागदाकडे नेला आणि टेकवायच्या आतच शाईचा थेंब पडला. पट्ट्याच्या खालच्या कडेला, थोडा डावीकडे. मसुराएवढा.

“अरेरे,” तो म्हणाला. “आता?”

तिला तेव्हाच वाईट वाटलं. त्याच्याबद्दल नाही, पानाबद्दल. तिने ब्लेडने थेंब खरवडला. बराच गेला, मध्ये तिळाएवढा राहिला, कागदात मुरलेला. ती म्हणाली, पान पुन्हा काढते, एक दिवस लागेल. तेमिरकुल म्हणाला, छापखान्याची गाडी दुपारी येते आहे, आणि एवढासा ठिपका कोण बघतंय. गाडी आली. पान गेलं.

नकाशासंग्रह निघाला, हिरव्या कापडी बांधणीत. त्याला प्रजासत्ताकाचं पदक मिळालं. इशेनबाय आणि अर्कादी ग्लेबोविच व्यासपीठावर एकमेकांचे हात धरून उभे राहिले आणि ठिपक्यांच्या पद्धतीवर एकाने मानवी बाजूने आणि दुसऱ्याने शास्त्रीय बाजूने भाषण केलं. वरच्या मजल्यावरच्या एका तरुणाने पुढे त्याच पद्धतीवर प्रबंध लिहिला. ठिपक्यांमधलं अंतर किती असावं यावर त्यात एक प्रकरण होतं. क्सेनिया अर्तुरोव्हनाला सालकिनने एक प्रत टपालाने पाठवली. ती परत आली, पत्त्यावर कुणी राहत नाही अशा शेऱ्यासह.

तीन वर्षांनी ताश्कंदच्या एका प्रयोगशाळेतून तेमिरकुलच्या नावे पत्र आलं. तो ते उघडं हातात धरून धावतच जिन्याच्या वळणावर आला.

“एजे, वाचा. तुम्ही वाचा.”

ताश्कंदकर लिहीत होते की आपल्या नकाशाच्या सदतिसाव्या पानावर पट्ट्याच्या खालच्या कडेला जो छोटा, घट्ट पेशीपुंज दाखवला आहे, त्याकडे आजवर कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं. आम्ही शेळीच्या मेंदूत शोध घेतला आणि तो आम्हालाही आढळला. त्याला विभागप्रमुखांचं नाव द्यावं अशी आमची सूचना आहे.

“तेमिरकुल,” सालकिन म्हणाली, “ही ती शाई आहे.”

“असं कसं म्हणता? त्यांना शेळीत सापडलाय.”

“तुम्ही पाडलात तो थेंब. माझ्यासमोर.”

तो विचारात पडला. त्याचा चेहरा खरोखर प्रामाणिक होता. “असेलही,” तो म्हणाला. “पण नेमका तिथेच का पडला असेल?”

सालकिनने ताश्कंदला स्वतः पत्र लिहिलं. काही लपवलं नाही: टाक कुणी भरला, कुणाच्या हातात दिला, ब्लेडने किती खरवडलं. हे लिहिताना तिला पहिल्यांदा लाज वाटली, मग हलकं वाटलं. कुबातने पाकीट चिकटवताना विचारलं, “यात तुझीही चूक लिहिलीस?” ती म्हणाली, “लिहिली.” तो म्हणाला, “मग कुणी विश्वास ठेवणार नाही.”

उत्तर पाच आठवड्यांनी आलं. अत्यंत आदराचं. तुमच्या विनयाची आम्हाला कल्पना आहे, त्यांनी लिहिलं होतं. परंतु आमच्याकडे तो शाईचा नाही. आम्ही अकरा शेळ्यांत मोजणी केली आहे, प्रत्येक बाजूला सरासरी एकशे चाळीस पेशी. सोबत फोटो होता.

सालकिनने फोटो खिडकीशी नेला. जांभळ्या पेशी, विखुरलेल्या. त्यांनी काढलेल्या लाल वर्तुळाच्या आत आणि बाहेर तिला काहीही फरक दिसला नाही. ती कपाटाकडे गेली आणि ज्या कापावरून सदतिसावं पान काढलं होतं ती काचपट्टी शोधून मायक्रोस्कोपखाली ठेवली. वर इशेनबायांच्या निरोप-समारंभासाठी खुर्च्या सरकत होत्या. कुणीतरी जिन्यावरून तिला हाक मारून गेलं, एजे, चला ना, केक कापतायत. ती म्हणाली, आले.

ती पट्ट्याच्या खालच्या कडेवर आली. डावीकडे सरकली. तिथे काही नव्हतं. दोनशेवर मेंढ्यांत कधी नव्हतं. तिने बराच वेळ पाहिलं. मग एका जागी तिला वाटलं की चार-पाच पेशी एकमेकींच्या जरा जास्तच जवळ आहेत.

तिने डोळे वर उचलले, भिंग मऊ फडक्याने पुसलं, आणि पुन्हा बसली.